मुरलेली पांढरी वाइन आणि बुलढाण्याची वाट : एका प्रश्नाचा माग कसा काढायचा

बुलढाणा म्हटलं की कापूस, सोयाबीन, तूर, संत्री, शेगावची कचोरी आणि लोणारचं सरोवर आठवतं. वाइन काही आठवत नाही. ती नाशिकची, फार तर नारायणगावची किंवा अकलूजची. मग संशोधनाच्या ब्लॉगवर बुलढाणा आणि वाइन एकत्र कशाला?

कारण हा प्रश्न सरावासाठी फार चांगला आहे. प्रश्न असा : दोन हजार ते दीड हजार वर्षांपूर्वी आजच्या बुलढाणा जिल्ह्याच्या आसपासच्या वाटांवरून बाहेरच्या देशांतली, बरीच वर्षं टिकणारी, कदाचित पांढरी अशी वाइन गेली असेल का? आणि गेली असेल तर ते आपण कशाच्या आधारावर म्हणायचं?

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करत असतील, काही जण सिनॉप्सिस लिहीत असतील. विषय मिळाला की आपण लगेच "माहिती गोळा" करायला लागतो. पण गोळा केलेला प्रत्येक पुरावा नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे वेगळं काढणं म्हणजे संशोधन. आज या एका प्रश्नावर तेच करून बघू. ग्रंथ, खापर, चित्र आणि रसायन असे चार प्रकारचे साक्षीदार आपल्याकडे आहेत. चौघांचीही उलटतपासणी घ्यायची आहे.

आधी नकाशा

जिल्ह्यातल्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. बुलढाण्याचे दोन भाग आहेत, घाटाखालचा आणि घाटावरचा. जुन्या वऱ्हाडी भाषेत पायनघाट आणि बालाघाट. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद. तिथलं पाणी पूर्णा नदीतून तापीला मिळतं आणि पश्चिमेला गुजरातच्या समुद्राकडे जातं. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा, लोणार. तिथलं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जातं. म्हणजे हा जिल्हा दोन मोठ्या खोऱ्यांच्या मधल्या उंबरठ्यावर बसलेला आहे.

आता शेजारी बघा. पश्चिमेला लागूनच जालना जिल्ह्यातलं भोकरदन. प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव येतं. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून तिथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा अहवाल १९७४ चा आहे. तिथे हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा भाग सापडला. त्याच धाटणीची मूर्ती तेरला मिळाली आहे आणि तशीच एक मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पॉम्पेईत सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे ती मूर्ती त्याआधी तिथे पोहोचली होती.

पश्चिमेलाच अजिंठा. पूर्वेला वाशीम, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. आणि जिल्ह्याच्या आत, संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन. या शतकाच्या पहिल्या दशकात डेक्कन कॉलेजच्या बी. सी. देवतारे यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन झालं आणि विटांचा स्तूप, मातीच्या कड्यांच्या विहिरी असं बरंच काही उजेडात आलं.

म्हणजे "आडबाजूचा जिल्हा" हे आजचं वर्णन आहे. त्या काळाला ते लावता येत नाही. हा झाला पहिला मुद्दा : आजचा नकाशा जुन्या काळावर चिकटवू नका.

पहिला साक्षीदार : ग्रंथ

या विषयावरचा कुठलाही लेख उघडा, "पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी" हे नाव येणारच. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं हे व्यापाऱ्याचं टिपण आहे. कुठल्या बंदरात काय विकलं जातं आणि काय विकत मिळतं, याची यादी. त्याच्या ४९व्या परिच्छेदात बॅरिगाझा, म्हणजे भरुच, इथे येणाऱ्या मालात वाइन आहे. प्रामुख्याने इटलीची, शिवाय लाओदिकेआची (हे सीरियाच्या किनाऱ्यावरचं शहर) आणि अरबस्तानची. पुढे ५१व्या परिच्छेदात दख्खनमधली दोन मोठी बाजारपेठेची गावं येतात : पैठण, भरुचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर म्हणजे तेर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर. माल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भरुचला नेतात, असंही त्यात आहे.

आता "इटलीची वाइन" म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लाल वाइन येते. इथे थांबायचं. रोमन लेखक प्लिनी वाइनचे चार रंग सांगतो : पांढरा, पिवळट-तांबूस, रक्तासारखा आणि काळा. त्या काळातली सर्वांत नावाजलेली इटालियन वाइन म्हणजे फॅलेर्नियन. ती पांढऱ्या द्राक्षांची असावी आणि वर्षं जातील तशी मधाच्या रंगाकडे झुकत असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ती लगेच प्यायची नसायचीच. दहा वर्षांनंतर पिण्याजोगी आणि पंधरा ते वीस वर्षांत उत्तम, असं तिच्याबद्दलचं जुनं मत आहे. इ.स.पू. १२१ या सालची, ओपिमियस कॉन्सल असतानाची वाइन इतकी गाजली की प्लिनीच्या काळात, जवळपास दोनशे वर्षांनंतरही ती शिल्लक होती. फक्त घट्ट, कडसर मधासारखी झाली होती.

एजियन समुद्रातल्या कोस बेटाची गोष्ट तर आणखी गमतीची. तिथे वाइनमध्ये समुद्राचं पाणी घालत. प्लिनी सांगतो की एका गुलामाने ठरलेलं माप भरून काढायला चोरून पाणी ओतलं आणि तीच पद्धत पडली. पांढऱ्या रसात असं पाणी घातलं की त्या वाइनला वेगळं नाव होतं, "पांढरी कोअन" अशा अर्थाचं. मीठ, आंबटपणा आणि आतून राळेचा लेप दिलेला घडा यांमुळे अशी वाइन लांबचा प्रवास सोसायची. लोणच्याला मीठ कशाला घालतात हे आपल्याला माहीत आहेच.

म्हणजे मुरणारी पांढरी वाइन त्या व्यापारात होती, इतकं ग्रंथांवरून ठामपणे म्हणता येतं. ती भरुचला उतरत होती का? इटालियन वाइन उतरत होती. ती फॅलेर्नियनच होती का, पांढरीच होती का, हे पेरिप्लस सांगत नाही. "इटालियन" या शब्दावरून "फॅलेर्नियन" वर उडी मारायची नाही.

आणि आता या साक्षीदाराने सांगितलेली, पण फारशी कोणी न ऐकलेली गोष्ट. पेरिप्लसचा ३६वा परिच्छेद उघडा. त्यात इराणच्या आखाताच्या बाजूची अपोलोगोस आणि ओम्माना ही बंदरं आहेत. तिथून भरुचला काय जातं? मोती, जांभळा रंग, कापड, भरपूर खजूर, सोनं, गुलाम आणि वाइन. वाइन! तीच यादी, तोच लेखक, तेच भरुच. पण आपण "रोम आणि भारत" असं शीर्षक मनात ठेवून वाचतो, म्हणून ४९वा परिच्छेद सगळीकडे उद्धृत होतो आणि ३६वा तसाच राहून जातो.

आपल्याकडच्या ग्रंथांतही असाच एक दुर्लक्षित प्रदेश आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षाच्या रसापासून बनणाऱ्या मद्याला "मधु" म्हटलंय आणि त्याच्या प्रकारांची नावं प्रदेशावरून पडली आहेत, असं सांगून "कापिशायन" आणि "हारहूरक" ही दोन नावं दिली आहेत. कापिशायन म्हणजे कपिशा प्रदेशातलं. हा आजच्या अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या आसपासचा भाग. पाणिनीचं या शब्दाच्या रूपाबद्दल एक स्वतंत्र सूत्र आहे. वाइनला प्रदेशाच्या नावाने ओळखायची फ्रेंच लोकांची पद्धत आपण कौतुकाने सांगतो. ती आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात फार आधीपासून आहे.

दुसरा साक्षीदार : खापर

१९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पुद्दुचेरीजवळ अरिकामेडूला उत्खनन केलं आणि रोमन घड्यांचे म्हणजे ॲम्फोऱ्यांचे तुकडे तिथे मिळाले. तेव्हापासून भारतभर उत्खननांत जाड, लांबुळक्या, टोकदार बुडाच्या परदेशी घड्याचा तुकडा मिळाला की अहवालात "रोमन ॲम्फोरा" अशी नोंद व्हायला लागली. महाराष्ट्रात नेवासा, जुन्नर, तेर अशी नावं या यादीत येतात.

पुढे रोबर्टा टॉम्बर या संशोधिकेने एक साधं काम केलं. साधं म्हणजे सोपं नव्हे. वेगवेगळ्या संस्थांच्या कपाटांत आणि ट्रेमध्ये पडलेले हे तुकडे तिने पुन्हा हातात घेऊन बघितले. २००७ मध्ये तिचा लेख आला. काही तुकडे खरोखर रोमन होते. पण "रोमन" म्हणून नोंदलेले अनेक तुकडे रोमन नव्हतेच. ते मेसोपोटेमिया आणि इराणच्या आखाताच्या बाजूचे होते. त्यांना आज "टॉर्पेडो जार" म्हणतात, आकार टॉर्पेडोसारखा म्हणून. त्यांचा काळही बराच पुढे जातो, सासानी राजवट आणि त्यानंतरच्या इस्लामी राजवटीच्या सुरुवातीच्या शतकांपर्यंत. घारापुरीला आणि गुजरातच्या संजाणला असे तुकडे मिळालेले आहेत.

ओळखायचं कसं? तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, कान. रोमन ॲम्फोऱ्याला सहसा दोन उभे कान असतात. टॉर्पेडो जारला कान नाहीत आणि धड मानही नाही.

दोन, आतला लेप. रोमन घड्यात झाडाची राळ लावलेली असते. टॉर्पेडो जारच्या आत डांबर असतं, जमिनीतून निघणारं नैसर्गिक डांबर. श्रीलंकेत अनुराधापूरला सापडलेल्या तुकड्यांवरच्या डांबराची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा त्याचं नातं इराणमधल्या सूसा भागाशी जुळलं.

तीन, माती. व्हेसुव्हियस परिसरातल्या घड्यांच्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू चमकते. आकाराची नक्कल करता येते. कोस बेटाच्या घड्याचा आकार इटलीसह अनेक ठिकाणी उचलला गेला. पण माती जिथली असते तिथली. म्हणून नुसता आकार बघून देश ठरवायचा नाही.

आता मागे वळून ३६वा परिच्छेद आठवा. आखातातून भरुचला वाइन येत होती, हे पुस्तकात लिहिलेलं होतं. त्या बाजूचे घडे ट्रेमध्ये पडलेले होते. दोन्ही पुरावे समोर असूनही वाइनचा तो प्रदेश दिसत नव्हता, कारण ट्रेवर चिकटवलेली चिठ्ठी वेगळं सांगत होती. नवा शोध नेहमी नव्या उत्खननातूनच लागतो असं नाही. जुन्या ट्रेवरची चिठ्ठी झाकून बघितली तरी लागतो.

अर्थात खापराचीही मर्यादा आहे. घडा वाइनचा म्हणजे त्यात वाइनच होती असं नाही. तेल, माशांचं आंबवलेलं कालवण, खजुराचा पाक, काहीही असू शकतं. आणि रिकामा घडा कोण फेकून देतो? आपल्याकडे तेलाचा डबा धान्याला वापरतात, तसाच तो पाण्याला वापरला जाणार.

उलटंही खरं आहे. एका ॲम्फोऱ्यात साधारण पंचवीस-सव्वीस लिटर माल मावायचा आणि रिकाम्या घड्याचंच वजन बरंच असायचं. भरुचहून घाट चढून बैलगाडीने असे घडे आणण्यापेक्षा वाइन कातडी पखालींत ओतून आणणं जास्त सोयीचं. पखाल कुजून जाते. मागे काहीच उरत नाही. म्हणून भोकरदन किंवा भोनला घड्याचे तुकडे कमी मिळाले किंवा मिळालेच नाहीत, तरी "इथे वाइन आलीच नाही" असं म्हणता येणार नाही. आणि "आली होती" असंही म्हणता येणार नाही. हे दुसरं वाक्य लिहायला जास्त धीर लागतो.

तिसरा साक्षीदार : चित्र

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात छताकडे बघा. दाढीवाला, टोकदार टोपी घातलेला, परदेशी पेहरावातला एक माणूस बसलाय, हातात पेला आहे आणि बाजूला स्त्रिया पेय घेऊन उभ्या आहेत. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये या लेण्यातल्या परदेशी आकृतींचा संबंध इराणचा राजा दुसरा खुस्रो आणि चालुक्य राजा दुसरा पुलकेशी यांच्याशी जोडला. सातव्या शतकातल्या वकिलातीचं हे चित्र, असं ते मत. शाळेच्या पुस्तकांमधून ते बरीच वर्षं फिरलं. पुढे लेण्याचा काळ मागे सरकला. आज बहुतेक अभ्यासक या लेण्याचा संबंध पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा हरिषेणाच्या काळाशी लावतात. मग खुस्रो आणि पुलकेशी दोघेही गळतात. उरतो तो एक नाव नसलेला, इराणी वेषातला, मद्य पिणारा माणूस.

मला तो नाव नसलेलाच जास्त उपयोगाचा वाटतो. हरिषेण वत्सगुल्मचा, म्हणजे वाशीमचा. लेणी अजिंठ्याला. नकाशावर या दोन ठिकाणांना जोडणारी रेघ ओढा. ती बुलढाणा जिल्ह्यावरून जाते. आणि काळ बघा : टॉर्पेडो जारही याच शतकांत पश्चिम किनाऱ्यावर उतरत होते. सासानी दरबारातल्या चांगल्या खाण्यापिण्यावर पहलवी भाषेत एक छोटा ग्रंथ आहे, राजा खुस्रो आणि त्याचा सेवक यांच्या संवादाचा. त्यात उत्तम वाइनची यादी आहे आणि असुरी, म्हणजे मेसोपोटेमियाच्या वाइनला त्यात फार वरचा मान आहे.

जुळतंय ना सगळं? इथेच सावध व्हा. चित्रकाराने इराणी माणूस पेल्यासह रंगवला, याचा अर्थ इराणी म्हणजे पेला घेतलेला माणूस अशी प्रतिमा इथे ओळखीची होती. त्या पेल्यात काय होतं आणि ते इथे विकत मिळायचं का, हे चित्र सांगत नाही. चित्र म्हणजे पावती नव्हे. सिनॉप्सिसमध्ये "अजिंठ्याच्या चित्रांवरून सिद्ध होते" असं लिहिलंत तर मार्गदर्शक पहिली लाल रेघ तिथेच मारतील.

चौथा साक्षीदार : रसायन

आता तुम्ही म्हणाल, भांड्याच्या आतलं खरवडून तपासलं की झालं. हो, पण तिथेही एक गाठ आहे आणि ती खास आपल्याकडची आहे.

द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं. बाकी फळांत ते एवढ्या प्रमाणात सहसा नसतं. म्हणून भूमध्य समुद्राच्या बाजूला भांड्यात टार्टारिक आम्ल मिळालं की द्राक्षाचा रस किंवा वाइन असावी असं मानतात. पुढचा प्रश्न, लाल की पांढरी? लाल द्राक्षाच्या सालीतल्या रंगद्रव्यापासून सिरिंजिक आम्ल मिळतं. मारिया रोसा ग्वाश-हाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इजिप्तच्या तुतानखामुनच्या थडग्यातले घडे याच पद्धतीने तपासले. २००४ मध्ये लाल वाइनचा पुरावा जाहीर झाला आणि २००६ मध्ये पांढऱ्या वाइनचा. पांढरीची खूण अशी : टार्टारिक आहे, सिरिंजिक नाही.

दुसरं उदाहरण ताजं आहे. स्पेनमध्ये कार्मोना इथे २०१९ मध्ये एक रोमन थडगं सापडलं. त्यातल्या काचेच्या अस्थिकलशात सुमारे पाच लिटर द्रव होता. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा, रंगाने तांबूस. कॉर्दोबा विद्यापीठाच्या चमूने २०२४ मध्ये निष्कर्ष जाहीर केला : ही पांढरी वाइन आहे. द्रव स्वरूपात उरलेली आजवर माहीत असलेली सर्वांत जुनी वाइन. दिसायला तांबूस, मूळची पांढरी! स्पेनचा तो भाग रोमन काळात मुख्यतः ऑलिव्ह तेलासाठी प्रसिद्ध. ही सर्वांत जुनी वाइन मिळाली ती अशा ठिकाणी. पण ती टिकली म्हणजे मुरली असं समजू नका. टिकणं वेगळं आणि मुरून चांगलं होणं वेगळं. तुमच्या प्रश्नात यांपैकी नेमकं काय विचारलंय, ते आधी ठरवा.

आता आपली गाठ. समजा, भोनच्या एखाद्या घड्याच्या तुकड्यात टार्टारिक आम्ल मिळालं आणि सिरिंजिक मिळालं नाही. इजिप्तचा नियम लावला तर उत्तर येतं : पांढरी वाइन. बातमी छापून येईल, "बुलढाण्यात दोन हजार वर्षांपूर्वीची व्हाइट वाइन".

पण स्वयंपाकघरात जाऊन या. चिंच! चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल खच्चून भरलेलं असतं आणि लाल द्राक्षाचं रंगद्रव्य नसतं. म्हणजे चिंचेच्या कोळाचं भांडं या चाचणीत पांढऱ्या वाइनसारखंच दिसू शकतं. ज्या मुलखात गावोगावी चिंचेची झाडं आहेत आणि चिंचोली नावाची गावं पावलोपावली आहेत, तिथे भूमध्य समुद्राकडचा नियम जसाच्या तसा उचलला तर आमटीच्या भांड्याचा वाइनचा घडा व्हायला वेळ लागणार नाही.

मग मार्ग काय? एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. आंबवण्याच्या खुणा शोधायच्या, राळ किंवा डांबर आहे का बघायचं, घड्याची माती तपासायची, आणि त्याच थरातली साधी, स्थानिक भांडी तुलनेसाठी तपासायची. स्थानिक गाडग्यातही तेच आम्ल मिळालं, तर ते वाइनचं नाही. शिवाय लक्षात घ्या, "पांढरी" हा निष्कर्ष काहीतरी *न सापडण्यावर* उभा आहे. सिरिंजिक आम्ल मुळात नव्हतं, की काळाच्या ओघात धुऊन गेलं? दोन्ही शक्यता लिहायच्या.

चिठ्ठी झाकून बघणं

दुर्लक्षित प्रदेशाची चांगली पांढरी वाइन ओळखायला काय लागतं, याचं आधुनिक उदाहरण सर्वांना माहीत असावं. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या. लेबलं झाकलेली. पांढऱ्यांमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाच्या शातो माँतलेनाची १९७३ ची शार्दोने. लेबल दिसत असतं तर असा निकाल लागला असता का, याचा विचार तुम्हीच करा.

हेच स्परियर पुढे आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजशी जोडले गेले. तिथल्या फ्रातेल्ली या वाइनरीचे इटालियन वाइनतज्ज्ञ पिएरो मासी आणि स्परियर यांच्या आडनावांवरून "एम/एस" ही मालिका निघाली. तिच्यातली पांढरी वाइन शार्दोने आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांच्या मिश्रणाची. दुष्काळी समजल्या जाणाऱ्या, उसाच्या पट्ट्यात.

इथली अडचण युरोपपेक्षा वेगळी. वाइनच्या देशांत वेल थंडीत झोपतो आणि वर्षाला एकदा फळतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून त्याला शिस्त लावावी लागते आणि पीक उन्हाळ्याच्या तोंडावर काढतात. ऊन वाढलं की द्राक्षातला आंबटपणा उतरतो. पांढरी वाइन मुरायला नेमका तोच आंबटपणा लागतो. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा बहर येतो, असं लिहून ठेवलं आहे. दौलताबाद म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचं. त्याला जे नवल वाटलं, तीच आजच्या वाइनवाल्याची डोकेदुखी आहे. कदाचित म्हणूनच इथे द्राक्ष पिकत असूनही मुरणारी वाइन बाहेरून येत असावी. "कदाचित" हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही.

मग आपल्या हातात काय उरलं?

मुरणारी पांढरी वाइन त्या काळच्या व्यापारात होती, हे पक्कं. इटली, सीरिया आणि आखात या तिन्ही बाजूंची वाइन भरुचला येत होती, हेही पक्कं. भोकरदनचा दूरच्या जगाशी संबंध होता, याला हस्तिदंताची मूर्ती साक्ष आहे. आखाताची बाजू दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली, हे खापरांच्या फेरतपासणीने दाखवलं. आणि बुलढाण्याच्या वाटेवरून ती वाइन गेली का? शक्य आहे, सिद्ध नाही.

काहींना हा शेवट फिका वाटेल. पण याच "शक्य आहे, सिद्ध नाही" मधून प्रबंधाचा विषय निघतो. आणि इथे घाईचं एक कारणही आहे. भोनचं स्थळ पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येतं. एकदा पाणी चढलं की तिथला न खणलेला थर कोणी पुन्हा बघू शकणार नाही. शेतकऱ्याला पाणी हवंय, त्याच्याशी आपलं भांडण नाही. पण मग जे आधीच खणून वर काढलंय आणि ट्रेमध्ये नीट ठेवलंय, त्याची किंमत दुप्पट होते.

म्हणून जिल्ह्यातल्या आणि जिल्ह्याबाहेरच्याही मुलामुलींना माझं सांगणं एवढंच. विषय शोधायला दूर जाऊ नका. भोकरदनचा १९७४ चा अहवाल काढून वाचा. पेरिप्लसचा ३६वा आणि ४९वा परिच्छेद शेजारी शेजारी ठेवा. रीतसर अर्ज करून एखाद्या संस्थेतल्या खापरांचा ट्रे बघायला मागा. वहीत चार रकाने आखा : कान आहे का, आतला लेप कसला, माती कशी, आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय. चौथा रकाना सगळ्यांत शेवटी भरा.